खांदा निखळवावा कसा आणि बसवून घ्यावा कुठे: हॅनोव्हरमधल्या नवशिक्या खेळाडूंसाठी सोपी मार्गदर्शिका

हे कुणासाठी?

हॅनोव्हरला मराठी माणूस येतो तो लाइबनिझ विद्यापीठात मास्टर्स करायला, फोक्सवॅगनच्या नाहीतर काँटिनेंटलच्या नोकरीवर, किंवा दर वसंतात भरणाऱ्या औद्योगिक प्रदर्शनात कंपनीचा स्टॉल सांभाळायला. खांदा निखळवून घ्यायला म्हणून कुणी येत नाही. पण इथे रविवारी दुकानं बंद असतात, डिसेंबरात दुपारचा चहा होईतो अंधार पडतो, आणि एकटा माणूस खोलीवर किती वेळा वरणभात लावणार? शेवटी तो एखाद्या क्लबात नाव घालतो. गावाकडे कबड्डी जिल्हा पातळीपर्यंत खेळलोय, असं तिथे बोलता बोलता सांगून टाकतो. पुढचं आपोआप घडतं.

ही मार्गदर्शिका त्या पुढच्यासाठी आहे. पूर्वानुभवाची अट नाही. पीटीच्या तासाला पोट दुखतंय म्हणून वर्गात बसणाऱ्यांनाही प्रवेश खुला आहे.

साहित्य

खांदा: एक. डावा-उजवा कोणताही चालेल. दोन्ही एकदम घेऊ नयेत.

वय: विशीच्या आसपासचं उत्तम. चाळिशीचं असलं तरी चालतं, पण रंगत कमी येते. कारण पुढे येईल.

खेळ: धडकेचा, नाहीतर डोक्यावरून हात फिरवायचा.

आरोग्य विम्याचं कार्ड: एक.

महिने: सहा.

यातला शेवटचा जिन्नस कुठल्याच दुकानात मिळत नाही आणि बहुतेकांची कृती तिथेच बिघडते. म्हणून तो आधीच बाजूला काढून ठेवावा.

सुरुवातीला थोडी ओळख

पूजेला मांडलेला कलश आठवा. खाली तांब्याचं लहानसं तोंड, वर भलाथोरला नारळ, आणि तो लवंडू नये म्हणून सभोवती आंब्याची पानं. खांदा असाच असतो, फक्त आडवा. दंडाच्या हाडाचं डोकं मोठं आणि गोल, तर खांद्याच्या पात्यावरची खोबण लहान आणि उथळ. एका वेळी त्या डोक्याचा पाव ते एक तृतीयांश भागच खोबणीला टेकलेला असतो. पानांचं काम करते ती खोबणीच्या काठाची चिवट कड, म्हणजे लॅब्रम. ती खोबणीला खोली देते. सांध्याभोवती पिशवी असते, पिशवीत बंध असतात आणि वरून रोटेटर कफचे चार स्नायू डोकं खोबणीवर दाबून धरतात.

एवढ्या तुटपुंज्या बंदोबस्तावर निसर्गाने आपल्याला चेंडू फेकायला, झाडावर चढायला आणि स्वतःची पाठ खाजवायला दिलं. शरीरातला सगळ्यात मोकळा फिरणारा मोठा सांधा हाच, आणि सगळ्यात जास्त निखळणाराही हाच. डोकं एकदा पूर्ण बाहेर आलं, किंवा अर्धवट सरकून परत गेलं, आणि नंतर पुन्हा पुन्हा तसं होऊ लागलं, की डॉक्टर त्याला अस्थिर खांदा म्हणतात. खेळाडू म्हणतो, 'जरा सटकतो, बाकी काही नाही.'

पायरी पहिली: खेळ निवडा

या बाबतीत हॅनोव्हर उदार शहर आहे. रग्बी हवी असेल तर हे जर्मन रग्बीचं जुनं माहेरघर. इथल्या डीएसव्ही ७८ या क्लबच्या नावातले ७८ म्हणजे सन १८७८. रग्बीत समोरून धावत येणाऱ्याला आडवा हात घालायचा असतो. हात आडवा राहतो, माणूस पुढे जातो.

हँडबॉल हवा असेल तर टीएसव्ही हॅनोव्हर-बुर्गडोर्फचा संघ २००९पासून जर्मनीच्या पहिल्या श्रेणीत आहे. हँडबॉलमध्ये हात खांद्याच्या वर नेऊन जास्तीत जास्त मागे ताणायचा आणि मग चेंडू मारायचा. अस्थिर खांदा तपासताना डॉक्टर नेमकी हीच स्थिती करून बघतात आणि रुग्णाचा चेहरा पांढरा पडतो का ते पाहतात. हँडबॉलपटू ती स्थिती दिवसभर हौसेने करतो, आणि बचाव करणारा बरोबर त्याच क्षणी त्याचा हात मागे ओढतो.

पाण्यात उतरायचं असेल तर वास्पो ९८ हा वॉटरपोलोचा संघ जर्मन विजेता राहिलेला आहे. तिथे पायाखाली जमीन नसल्यामुळे फेकीचा सगळा भार खांद्यावर. बर्फ आवडत असेल तर क्लेफेल्ड भागात आइस हॉकीचा 'हॅनोव्हर इंडियन्स' आहे. नाव वाचून मराठी माणसाला आपुलकी वाटते. पण हे इंडियन्स दुसरे, अमेरिकेतले.

आणि यातलं काहीच जमत नसेल तर चार देशी मित्र गोळा करून हिरवळीवर कबड्डी मांडा. चढाई करणाऱ्याचा घोटा तुम्ही धरलाय, तो मधल्या रेषेकडे झेपावतोय, तुमचं अंग मागे आणि हात पुढे. महाराष्ट्रातल्या मातीच्या मैदानांवर हीच पद्धत वापरून पिढ्यान् पिढ्या खांदे निखळलेले आहेत. परदेशी तंत्राची गरज नाही.

पायरी दुसरी: पडा

हात बाहेर आणि मागे असताना पडणं हा राजमार्ग. शंभरांतल्या सुमारे पंचाण्णव निखळण्यांत दंडाचं डोकं पुढच्या बाजूला येतं. मागे निखळण्याचे प्रसंग थोडे, आणि ते साध्या एक्स-रेवर नजरेतून सुटतात म्हणून बदनाम.

पुढे येताना डोकं दोन गोष्टी करून जातं. खोबणीच्या पुढच्या काठावरून लॅब्रम उचकटतं, आणि स्वतःच्या मागच्या बाजूला त्या काठाचा घाव लावून घेतं. हा दुसरा खळगा १९४०मध्ये हिल आणि सॅक्स या दोन अमेरिकन रेडिओलॉजिस्टनी नीट वर्णन केला, म्हणून तो हिल-सॅक्स. कधी कधी लॅब्रमबरोबर खोबणीच्या काठाचा हाडाचा तुकडाही निघतो. त्या तुकड्याकडे लक्ष असू द्या. पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर फिरते.

पायरी तिसरी: कुणालाही ओढू देऊ नका

आता मैदानावरचा प्रत्येक माणूस तज्ज्ञ होईल. एक म्हणेल, मी व्हिडिओ पाहिलाय. एक म्हणेल, पाय काखेत लावून ओढ. त्याला ठाऊक नसेल, पण ही पद्धत हिपोक्रेटिसच्या नावाची, दोन हजार वर्षांहून जुनी. दुसरा जर्मन पद्धतीने खुर्ची आणायला पळेल, कारण खुर्चीच्या पाठीवरून हात लोंबता सोडून बसवण्याची आर्ल्टची रीत इकडे पाठ्यपुस्तकात आहे. कोखर यांनी १८७०मध्ये हात फिरवून बसवण्याची तऱ्हा सांगितली, तीही कुणालातरी अर्धवट आठवेल. गावाकडून फोनवर मावशी सांगेल, 'अरे, आपल्याकडच्या हाडवैद्याने तुझ्या मामाचा खांदा एका झटक्यात बसवला होता.' तालमीतल्या वस्तादांनीही असे झटके खूप दिले. किती बसले ते सगळे सांगतात. किती मोडले ते मामा सांगत नाही.

कारण सोपं आहे. काखेतून जाणारी ॲक्झिलरी नस या डोक्याच्या अगदी लगत असते. दंडाच्या वरच्या बाहेरच्या भागात बधिरपणा आहे का, हे बसवण्याआधी तपासायचं असतं आणि बसवल्यावर पुन्हा. शेजारी हाड मोडलेलं असेल तर ओढाताणीने एकाचे दोन तुकडे होतात. म्हणून हात जसा आहे तसा अंगाशी धरा आणि इस्पितळ गाठा. तिथे आधी एक्स-रे, मग वेदनाशामक आणि गुंगी, मग सावकाश बसवणं, आणि परत एक्स-रे. बसल्यावर इतकं बरं वाटतं की नवशिक्याला वाटतं, संपलं. खरी मार्गदर्शिका इथून सुरू होते.

पायरी चौथी: कागद गोळा करा

जर्मनीत आधी कुठे पडलात ते महत्त्वाचं, कसे पडलात ते नंतर. नोकरीच्या कामात पडलात किंवा विद्यापीठाने भरवलेल्या खेळाच्या वर्गात पडलात, तर प्रकरण सहसा सरकारी अपघात विम्याकडे जातं आणि त्यासाठी ठरवून दिलेला वेगळा डॉक्टर असतो. शनिवारी क्लबात हौसेने पडलात, तर तुमचा नेहमीचा आरोग्य विमा. पडण्याआधी हे ठरवून ठेवता आलं तर सोयीचं.

पुढे हाडांच्या तज्ज्ञाची वेळ, त्यासाठी घरच्या डॉक्टरची चिठ्ठी, एमआरआय, आणि एमआरआयचा निष्कर्ष घेऊन पुन्हा तज्ज्ञ. लॅब्रम नीट दिसावं म्हणून कधी कधी सांध्यात सुईने रंगद्रव्य सोडून मग एमआरआय करतात. हाड किती गेलंय हे मोजायला सीटी. इस्पितळात मुक्काम पडला तर विमा असूनही दिवसाला १० युरो तुमच्या खिशातून जातात, वर्षाला जास्तीत जास्त २८ दिवसांपर्यंत. हिशेब ठेवणाऱ्या मराठी मनाला हा आकडा आधी कळलेला बरा.

हॅनोव्हरमध्ये हाडांच्या मोठ्या कामासाठी दोन नावं सारखी कानावर येतील. एक म्हणजे १९६५मध्ये सुरू झालेलं वैद्यकीय विद्यापीठ, ट्रामची ४ नंबरची लाइन थेट त्याच्या दाराशी नेते. अपघातशल्याच्या जगात या शहराचं नाव झालं ते इथे १९७०च्या दशकापासून तीन दशकं काम केलेल्या हाराल्ड चेर्ने यांच्यामुळे. दुसरं नाव आनाश्टिफ्ट. १८९७मध्ये अपंग मुलांसाठी निघालेली ही संस्था. विद्यापीठाचा अस्थिरोग विभाग आज तिथेच चालतो.

आणि एक हक्क लक्षात ठेवा, कारण तो फुकट आहे. खांद्याची दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुचवली गेली, तर सरकारी विमा असलेल्याला दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घेण्याचा अधिकार जर्मनीत २०२०पासून आहे, आणि सुचवणाऱ्या डॉक्टरने ते ऑपरेशनच्या किमान दहा दिवस आधी सांगायचं असतं. आपल्याकडे दुसरं मत घ्यायला गेलं की पहिल्या डॉक्टरला काय वाटेल याची काळजी पडते. इथे कायद्यानेच ती काळजी काढून घेतली आहे. आईचं मत तिसरं धरावं.

पायरी पाचवी: ऑपरेशन लागेल का? स्वतःची परीक्षा घ्या

दिवाळी अंकात 'तुम्ही किती आनंदी आहात?' अशा चाचण्या असतात, तशी ही एक. फरक इतकाच की ही खरी आहे. फ्रान्समधल्या निस शहराचे सर्जन पास्कल बोआलो आणि त्यांचे सहकारी फ्रेदेरिक बाल्ग यांनी ती २००७मध्ये मांडली. दुर्बिणीतून लॅब्रम शिवलं तर ते टिकेल का, हे ऑपरेशनआधी ओळखण्यासाठी.

ऑपरेशनच्या वेळी वय वीस किंवा त्याखाली: २ गुण.

स्पर्धात्मक पातळीवर खेळता: २ गुण.

खेळ धडकेचा किंवा डोक्यावरून जोराने हात मारायचा: १ गुण.

खांद्याचा सांधा मुळातच सैल: १ गुण.

हात बाहेर वळवून काढलेल्या एक्स-रेतही हिल-सॅक्स खळगा दिसतो: २ गुण.

खोबणीच्या खालच्या काठाची रेघ एक्स-रेत पुसट झालेली: २ गुण.

एकूण दहा. सहापर्यंत असाल तर त्यांच्या रुग्णांत शिवण्यानंतर पुन्हा निखळण्याचं प्रमाण होतं १० टक्के. सहाच्या वर गेलात तर ७० टक्के. परीक्षेत जास्त गुण मिळवायची सवय असलेल्यांनी इथे ती सवय सोडावी.

तेव्हा साहित्याच्या यादीतल्या वयाचं कोडं उलगडतं. पहिल्यांदा निखळलेला विशीच्या आतला खेळाडू ऑपरेशनशिवाय मैदानात परतला, तर पुन्हा निखळण्याची शक्यता न निखळण्याहून जास्त. चाळिशी ओलांडलेल्याचा खांदा तितका पुन्हा निखळत नाही, पण त्याचे रोटेटर कफचे स्नायू फाटण्याची भीती मोठी. म्हणून काकांचा खांदा नुसत्या व्यायामाने बरा झाला, तर पुतण्याचाही होईल, हा हिशेब चुकतो.

ज्यांचे सगळेच सांधे सैल आहेत आणि कुठलाही मार न लागता खांदा चहूबाजूंनी सरकतो, त्यांच्यासाठी पहिलं औषध व्यायाम, महिनोन् महिने. तिथे सर्जनची घाई रुग्णाच्या घाईइतकीच महाग पडते.

पायरी सहावी: ऑपरेशन निवडा

इथे निवड तुमच्या आवडीने होत नाही. हाड किती उरलंय त्यावर होते.

पहिला प्रकार, शिवण. उचकटलेलं लॅब्रम जागेवर आणून शिवायचं. जगभर याला बँकार्ट म्हणतात, लंडनच्या आर्थर ब्लंडेल बँकार्ट यांच्या १९२३च्या लेखावरून. जर्मनीत मात्र कुणीतरी हळूच आठवण करून देईल की गेओर्ग पेर्टेस यांनी हीच जखम आणि तिची दुरुस्ती १९०६मध्येच लिहून ठेवली होती. मान डोलवावी. आज हे काम दुर्बिणीतून होतं. सेंटिमीटरभराच्या दोन-तीन छिद्रांतून आत जाऊन खोबणीच्या काठावर दोरा लावलेले बारीक अँकर हाडात ठोकतात आणि लॅब्रम बांधून टाकतात. अँकर चार तरी असावेत. मोजके लावले तर शिवण उसवण्याची शक्यता वाढते, हेही बोआलो यांनीच दाखवलं.

दुसरा प्रकार, भराव. दंडाच्या डोक्यामागचा खळगा मोठा असेल तर हात वर नेताना तो खोबणीच्या काठात अडकून डोकं बाहेर उलथतं. मग शिवणीच्या जोडीने मागचा स्नायू आणि पिशवी त्या खळग्यात बसवून टाकतात. याला फ्रेंच नाव आहे, रांप्लिसाज. खळगा बुजतो, पण हात बाहेर वळवण्याची मर्यादा थोडी कमी होते. रग्बीवाल्याला ते चालतं. हँडबॉलपटू ते ऐकून गप्प होतो.

तिसरा प्रकार, हाड. लिऑनचे मिशेल लाटार्जे यांनी १९५४मध्ये सांगितलेला. खांद्याच्या पात्याच्या पुढे चोचीसारखं एक हाड असतं. ते त्याला चिकटलेल्या स्नायूंसकट कापून खोबणीच्या झिजलेल्या काठावर आणून स्क्रूने बसवायचं. हाडाची भर पडते, आणि हात उचलला की सोबत आलेले स्नायू पुढून पट्ट्यासारखा आधार देतात. फ्रान्समध्ये याला झुकतं माप आहे. पण जवळून जाणाऱ्या नसा, सैल पडणारे स्क्रू, विरघळणारा हाडाचा तुकडा, असे त्रास शिवणीपेक्षा जास्त.

चौथा प्रकार, उसनं हाड. कमरेच्या हाडाचा तुकडा काढून खोबणीच्या काठात बसवणं. येनाचे रुडोल्फ एडेन यांनी १९१८मध्येच असा तुकडा बसवला, फक्त तो नडगीच्या हाडाचा होता. पुढे ऑस्ट्रियाचे हेर्बर्ट रेश यांनी तुकडा इंग्रजी 'जे'च्या आकाराचा कापून स्क्रूशिवाय घट्ट ठोकून बसवण्याची युक्ती काढली. जर्मन भाषिक देशांत ती अजून करणारे आहेत. यात खांद्याबरोबर कंबरही दुखते, म्हणजे एका तिकिटात दोन खेळ.

कुठला प्रकार कुणाला? याचं सगळ्यात झणझणीत उत्तर २०००मध्ये आलं. टेक्सासचे स्टीव्हन बर्कहार्ट आणि केपटाऊनचे जो डी बीअर यांनी दुर्बिणीतून शिवलेले १९४ खांदे तपासले. हाडाची मोठी हानी नव्हती तिथे पुन्हा निखळले ४ टक्के. हानी होती तिथे ६७ टक्के. आणि धडकेचे खेळ खेळणाऱ्यांत, हानी असूनही नुसतं शिवून परत पाठवलेले? ८९ टक्के. दोऱ्याने हाडाचं काम होत नाही, हे यापेक्षा स्वच्छ कुणी सांगितलेलं नाही. खोबणीचा २०-२५ टक्के भाग गेला असेल तर हाड आणायचं, असा जुना नियम. अलीकडे १५ टक्क्यांच्या आसपासच सर्जन सावध होतात.

एक प्रकार आता मिळत नाही: भाजणं. हिपोक्रेटिस वारंवार निखळणाऱ्या खांद्याला काखेत तापलेल्या लोखंडाचे डाग देत असे, व्रण आवळून सांधा घट्ट व्हावा म्हणून. हसू नका. १९९०च्या दशकात सर्जननी हीच कल्पना लेसर आणि विजेच्या उष्णतेने सांध्याची पिशवी आकसवायला पुन्हा आणली. पिशव्या परत सैल झाल्या, काहींची कूर्चा जळून गेली, आणि दुसऱ्यांदा ते लोखंड थंड करावं लागलं.

पायरी सातवी: ऑपरेशनचा दिवस

ही सर्वांत सोपी पायरी, कारण तुम्ही झोपलेले असता. त्याआधी संमतीपत्र येईल, छापील, अनेक पानी, आकृत्यांसकट. त्यातला प्रत्येक धोका वाचून रात्री आईला फोन करू नये. जर्मन कायद्याप्रमाणे डॉक्टरने ते तोंडी समजावून सांगायलाच हवं, तेही विचार करायला वेळ मिळेल इतकं आधी. तेव्हा प्रश्न विचारा, आणि विचारायचे प्रश्न दोनच: माझं हाड किती गेलंय, आणि माझ्या खेळाला तुम्ही कोणता हात परत देणार आहात?

मानेजवळ इंजेक्शन देऊन अख्खा हात बधिर करतात, वर गुंगी. आरामखुर्चीत बसल्यासारखं किंवा कुशीवर ठेवून काम होतं. जाग येते तेव्हा हात तुमचा वाटत नाही. तो रात्री परत येतो, आणि आल्याचं कळवतो.

पायरी आठवी: सहा महिने

इथून पुढे सर्जन नाही, तुम्हीच. पहिले चार ते सहा आठवडे पट्टा, झोपतानाही. हात बाहेर आणि मागे न्यायचा नाही, म्हणजे ज्या स्थितीत हे सगळं सुरू झालं तीच स्थिती निषिद्ध. शर्ट घालताना आधी दुखरा हात, काढताना शेवटी दुखरा हात. सायकल नाही, आणि हॅनोव्हरमध्ये सायकल नसलेला माणूस जवळजवळ अपंगच. मग माशझे तलावाभोवती चाला. तोही १९३४ ते ३६ या काळात माणसांनी खणून काढलेला आहे, एका आठवड्यात झालेला नाही. कंटाळा आला तर आइलेनरीडंच्या जंगलात चाला.

याच काळात नेमके गणपती येतील. ढोल गळ्यात घ्यायचा नाही, लेझीम हातात घ्यायची नाही, मूर्ती उचलायला पुढे व्हायचं नाही. आरतीत झांज दुसऱ्याला द्यावी आणि आपण नुसता आवाज लावावा.

सहा आठवड्यांनी हात हळूहळू मोकळा करायचा. फिजिओथेरपीची चिठ्ठी बहुतेकदा सहा बैठकांची मिळते, आणि सहा बैठकांत खांदा बरा होत नाही. घरचा रबरबँड हाच खरा थेरपिस्ट. तिसऱ्या महिन्याच्या आसपास ताकदीचे व्यायाम. फेक आणि धडक साधारण सहा महिन्यांनी. तेही कॅलेंडर बघून नव्हे: दोन्ही हातांची ताकद जवळपास सारखी आली का, आणि हात मागे ताणला तर मनात धस्स होतं का, हे पाहून.

धोक्याचा काळ चौथा महिना. दुखणं गेलेलं असतं, हात वर जातो, प्रशिक्षक विचारू लागतो. आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो, हे आजीने सांगितलेलं असतं. पण आजी संघनिवड समितीत नसते.

सोडवून दाखवलेलं उदाहरण

२३ मार्च २०२१, पुण्याजवळचं गहुंजे मैदान, भारत-इंग्लंड एकदिवसीय सामना. मुंबईचा श्रेयस अय्यर चेंडू अडवायला झेपावला आणि डावा खांदा अर्धवट निखळला. ८ एप्रिलला ऑपरेशन. आयपीएलचा पहिला टप्पा गेला, दिल्लीचं कर्णधारपद ऋषभ पंतकडे गेलं, उन्हाळ्यात लँकेशायरकडून खेळायचं ठरलेलं तेही गेलं. तो परतला सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यात, दुबईत, म्हणजे ऑपरेशनपासून साडेपाच महिन्यांनी. नोव्हेंबरात कानपूरला कसोटी पदार्पण आणि पहिल्याच डावात शतक.

यात नवशिक्याने दोन गोष्टी टिपाव्यात. एक, त्याच्याकडे फिजिओंची फौज होती, तरी काळ जवळपास तेवढाच लागला. मांस आणि हाड जुळण्याचा वेग मानधनावर ठरत नाही. दोन, निखळला तो डावा खांदा, आणि अय्यर चेंडू फेकतो उजव्या हाताने. तुम्ही फेकीच्याच हाताचा खांदा निखळवला असेल तर त्याच्या तारखा स्वतःला लावू नका.

नेहमी होणाऱ्या चुका

'पहिलीच वेळ आहे' म्हणून तपासणी टाळणं. प्रत्येक नव्या निखळण्यात खोबणीचा काठ आणखी झिजतो, आणि शिवणीवर भागलं असतं ते काम हाडावर जातं.

हंगाम संपेपर्यंत पट्टा बांधून खेळणं. काही खेळाडू डॉक्टरांशी बोलून, हाड शाबूत असल्याची खात्री करून असं करतात. तुम्ही कुणाशी न बोलता करता, हा फरक.

मित्राला झालेलंच ऑपरेशन मागणं. मित्राचं हाड वेगळं, वय वेगळं, खेळ वेगळा.

ऑपरेशन झालं म्हणजे बरं झालो असं समजणं. सर्जन तुम्हाला तास-दीड तास देतो आणि उरलेलं अर्धं वर्ष तुमच्यावर सोपवतो. ऑपरेशन फसलं असं ज्याला म्हणतात, त्यातली कितीतरी प्रकरणं टेबलावर आधीच चुकीच्या निवडीने किंवा मैदानावर नंतर घाईने फसलेली असतात.

तेव्हा नवशिक्या वाचकहो, खांदा निखळलाच तर तो इस्पितळातच बसवून घ्या, हाड मोजून घ्या, दुसरं मत घ्या, आणि सहा महिने म्हणजे सहा महिने. ज्याच्याकडे तेवढे नाहीत, त्याने या शहरात बुद्धिबळाचा क्लब शोधावा.